टिकलीखालचा दिवा

आमच्या सेंटरमधल्या यंत्रांवर पूर्वी टिकल्या असायच्या. आता नसतात. त्याबद्दल एक परिपत्रक निघालं आहे आणि ते माझ्यामुळे निघालं, म्हणून हे लिहिते आहे. एरवी लिहिण्याची मला हौस नाही. तीस वर्षं लोकांचे आखडलेले हातपाय सोडवले आणि त्यांचे रिपोर्ट लिहिले, त्यातच माझी बोटं दुखायला लागली आहेत.

मी हेमलता चौगुले, फिजिओथेरपिस्ट, मिरज. वय बावन्न. गेली तीन वर्षं मी बसस्टँडमागच्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दूरस्पर्श सेंटरमध्ये काम करते. तिथे चोवीस खुर्च्या आहेत आणि बहुतेकींवर बायका बसतात. समोर यंत्र, दोन हातांत हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यात एखादा जखमी माणूस हातात या मोज्यांना जोडलेली एक बाही चढवून बसलेला असतो. मी इथे दाबलं की त्याला तिथे दाब लागतो आणि त्याच्या स्नायूने केलेला विरोध मला इथे लागतो. युद्धाच्या भागात कॅमेरा लावायला बंदी असते, कारण चित्रावरून ठिकाण कळतं. त्यामुळे चष्म्यात फक्त हाताची रेघारेघांची आकृती दिसते. माणूस दिसत नाही.

त्या चष्म्याची पट्टी नेमकी टिकलीवर यायची. घामाने टिकली सरकायची, खाजायची. म्हणून पहिल्या आठवड्यापासूनच सगळ्याजणी चष्मा घालण्याआधी टिकली काढून यंत्राच्या कडेला चिकटवू लागल्या. बाथरूमच्या आरशाला लावतात तसंच. जाताना आठवण राहिली तर परत लावायची, नाही तर राहिली तिथेच.

आता थोडं विज्ञान सांगते, त्याशिवाय माझी चूक कळणार नाही.

स्पर्शाला उशीर चालत नाही. बोलणं दोन सेकंद उशिरा आलं तर आपण तेवढं थांबतो, बिघडत काही नाही. पण मी कुणाचा अंगठा मागे रेटते आहे आणि त्याचा 'आता बास' माझ्यापर्यंत दीड सेकंदाने पोचला, तर तोवर मी तो अंगठा मोडलेला असेन. आणि उपग्रहावरून, तेही युद्धात, दीड सेकंद म्हणजे लवकरच. यावर उपाय म्हणून प्रत्येक यंत्रात एक अंदाजक बसवलेला असतो. दोन-तीन बैठकांत तो त्या रोग्याचा हात शिकून घेतो. कुठला स्नायू किती ताठ, कुठे थरथर, कुठे दुखतं. मग मी दाबलं की खरी माहिती येण्याची वाट न बघता तो रोग्याचा हात आत्ता काय करत असेल ते मला हातमोज्यात देऊन टाकतो. मागाहून खरी माहिती आली की स्वतःला दुरुस्त करून घेतो. सुकुमार, म्हणजे माझे यजमान, बत्तीस वर्षांच्या सवयीने मी मागायच्या आधी चटणी पुढे सरकवतात, तसलंच हे. फरक एवढाच, की सुकुमार खरोखर समोर बसलेले असतात.

खरी माहिती येत असली की यंत्रावरचा दिवा हिरवा, नुसता अंदाज चालला असला की पिवळा. अंदाजाने सलग तीस सेकंद काढले की यंत्र बंद पडायचं. लढाईच्या भागात दर पाच मिनिटांनी संपर्क तुटायचा आणि दर पाच मिनिटांनी आमचं यंत्र बंद. रोगी ताटकळायचा, आमचे हात अवघडायचे. शेवटी मी पुढाकार घेऊन एक अर्ज केला, की ही तीस सेकंदांची अट काढावी. चोवीस सह्या झाल्या. पहिली माझी. अट काढली गेली.

दिवा मात्र लुकलुकत राहायचा, हिरवा-पिवळा, हिरवा-पिवळा. चष्म्याच्या खालच्या फटीतून तो डोळ्यात टोचायचा. एक दिवस वैतागून मी माझी टिकली काढली आणि त्या दिव्यावरच चिकटवली. मोठी मरून टिकली होती. दिवा पूर्ण झाकला गेला आणि मला बरं वाटलं.

तामिर त्याच महिन्यात माझ्याकडे आला.

तो ओरेझ नावाच्या गावातला न्हावी. नदीच्या पाण्यावरून तिथल्या दोन देशांची सात महिने जुंपली होती. त्याच्या दुकानाची भिंत उजव्या हातावर पडली आणि अंगठ्याची नस चिरडली. तो तिथल्याच हॉस्पिटलात होता आणि इल्का नावाची नर्स आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, त्याच्या हातात बाही चढवायची. व्यायाम साधाच होता. अंगठा बोटांपासून लांब न्यायचा, परत जवळ आणायचा, दहा वेळा. कात्री चालवताना हेच लागतं, हे त्याला सांगावं लागलं नाही.

मी मोजायचे मराठीतच. भाषांतर होऊन आकडा पोचेपर्यंत हात पुढच्या आकड्यावर गेलेला असायचा, म्हणून मोजताना यंत्रातला दुभाषा बंद. तिसऱ्या बैठकीपासून तो माझ्याबरोबर मोजायला लागला. 'तीन'चा उच्चार तो 'तिन्न' असा करायचा. आणि पाचव्या बैठकीपासून चोरी करायला लागला. "सात, आठ, दहा," म्हणायचा आणि माझा अंगठा दोनदा दाबायचा. म्हणजे झालं, सोड.

मी दुभाषा चालू करून विचारलं, "नऊ कुठे गेला?"

थोड्या वेळाने उत्तर आलं, "दुकानाच्या ढिगाऱ्याखाली आहे. सापडला की देतो."

मी हसले. शेजारच्या खुर्चीवरची बाई बघायला लागली, कारण सेंटरमध्ये सहसा कुणी हसत नाही.

घरी काय चाललं होतं तेही सांगते. सुकुमार वीज मंडळातून रिटायर झाले आणि जगाची काळजी करायला लागले. सकाळी उप्पिटाची ताटली मांडीवर आणि समोर बातम्या. "आज किती गेलं?" असं ते विचारायचे, धावसंख्या विचारावी तसं. चाळीस म्हटलं की "अरेरे," आणि चार म्हटलं की "कमी हाय आज." त्यात दुष्टपणा नव्हता. मीही तशीच होते. दोन लाख लोक घर सोडून निघाले, ही बातमी मी कोथिंबीर निवडत ऐकली होती आणि त्यातली काडीसुद्धा चुकून भाजीत गेली नव्हती.

तामिर आल्यावर मी नकाशात ओरेझ शोधायला लागले. बातमीत नदी म्हटलं की मी विचारायचे, कुठला काठ, हा की तो. सुकुमारांना मी त्याची नऊची गोष्ट सांगितली, तेव्हापासून ते म्हणायला लागले, "आपल्या न्हाव्याकडं काय म्हणतंय?" रोजच्या हाणामारीत आमच्या घरचा एक माणूस असल्यासारखं झालं. मला याची थोडी लाजही वाटायची. दोन लाखांनी जे झालं नाही ते एका अंगठ्याने केलं, हे काही मोठेपणाचं लक्षण नाही.

मग एका शुक्रवारी आवाज आला नाही. आवाज जाणं नेहमीचंच, त्यात विशेष काही नव्हतं. हात होता. मी मोजलं आणि अंगठा गेला, आला, दहा वेळा. नऊसकट. नंतरच्या मंगळवारी पुन्हा तसंच. पुढच्या शुक्रवारीही. शिवाय प्रत्येक वेळी पकड थोडी जास्त घट्ट. मला वाटलं, शहाणा झाला, मनावर घेतलं एकदाचं. त्या दिवशी मी थकलेली होते, चौदा रोगी झाले होते. रिपोर्टात लिहिलं, 'दहाही हालचाली पूर्ण. पकड समाधानकारक. खाट सोडण्यास हरकत नाही.' सीमेपलीकडच्या मदत कचेरीला तो पाठवला, टिकली न लावताच घरी आले आणि दुपारभर झोपले.

सोमवारी सकाळी सुकुमारांनी आतून हाक मारली. "हेमा, तुझं ते गाव आलंय बघ टीव्हीवर."

मी हात पुसत आले. पडद्यावर एक चौकोनी इमारत होती, तिचा एक कोपरा नव्हता. ओरेझचं हॉस्पिटल. आदल्या दिवशी तिथल्या गंभीर रुग्णांना बसमधून नदीपलीकडे नेलं, बाकीच्यांना आपापलं बघायला सांगितलं, आणि पहाटे त्यावर मारा झाला. चौतीस ठार. निवेदिका पुढे म्हणाली, गेल्या मंगळवारच्या आधीच्या बुधवारपासून, म्हणजे बारा दिवस, या गावात वीज नाही आणि बाहेरच्या जगाशी कसलाही संपर्क नाही.

"चुकतेय ती," मी म्हटलं. "परवा शुक्रवारी मी त्याचा हात धरला होता."

सुकुमारांनी ताटली खाली ठेवली. ते आयुष्यभर विजेच्या खात्यात होते, त्यांना पहिल्यांदा कळलं. "बारा दिवस लाईट न्हाई म्हणायलीय ती," ते हळूच म्हणाले. "मग तुझं यंत्र तिकडं कशावर चाललं?"

मी चहा न घेता सेंटरवर गेले. तबस्सुम मुजावर नुकतीच आली होती. सगळी यंत्रं तीच सांभाळते, पस्तिशीची आहे, हुशार आहे. मी तिला काही न सांगता माझ्या यंत्राशी गेले आणि नखाने टिकली काढली. दिव्यावर डिंकाचा गोल डाग राहिला होता.

"तामिरच्या शेवटच्या तीन बैठका काढ," मी म्हटलं.

तिने काढल्या. अगदी शेवटच्या, कुणीच वाचत नाही अशा रकान्यात लिहिलेलं होतं: अंदाज शंभर टक्के. तिन्ही वेळा.

मी तीन बैठका यंत्राच्या समजुतीला व्यायाम दिला होता. रोगी मध्येच काही वेडंवाकडं करायला लागला तर अंदाजक ते गोंधळ म्हणून गाळून टाकतो. तामिरची चोरी त्याने गाळली होती. मिरजेत माझ्या हाताखाली सुधारलेल्या शेकडो हातांवरून तो हे शिकला होता, की चौगुले मॅडमच्या हाताखाली अंगठे सुधारतात. म्हणून त्याने तामिरचा अंगठाही सुधारून दिला. मला हवा होता तसाच. नऊ परत आला तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. मी त्याला शहाणपण समजले.

बसने कुणाला हलवायचं याची मदत कचेरीची यादी तबस्सुमने उघडली. तामिरच्या नावापुढे होतं: उपचार पूर्ण, बसची गरज नाही. खाली माझ्या रिपोर्टाचा नंबर.

तबस्सुमने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग ती म्हणाली, "मॅडम, तांत्रिक बिघाड म्हणून लिहू या. ते काही खोटं नाही."

"त्याला किती दिवस लागतील?"

"कंपनीची चौकशी बसेल. सहा आठवडे."

"आणि यादीत नाव परत कधी जाईल?"

तिने नियम वाचून दाखवला. थेरपिस्टने स्वतःच्या चुकीने रिपोर्ट दिला असं मान्य करून तो मागे घेतला, तर नाव त्याच दिवशी यादीवर जातं. "पण मग तुमची नोंदणी जाऊ शकते. तीस वर्षांची. आणि तो माणूस... म्हणजे, चौतीस गेलेत मॅडम. त्यात असला तर?"

मला हे मान्य करायला हवं, की त्या चौतिसांबद्दल माझ्या मनात एकच विचार होता, तो त्यात नसावा. याचा अर्थ असा की दुसरे कुणीतरी चौतीस असावेत. ते मला चालणार होतं. त्यांचे अंगठे मी कधी धरले नव्हते.

मी खुर्चीत बसले आणि लिहिलं. 'शेवटच्या तीन बैठकांत मी ज्या हाताला व्यायाम दिला तो रुग्णाचा नव्हता. तसं दाखवणारा दिवा यंत्रावर होता. तो मी झाकून ठेवला होता. रुग्णाचा अंगठा बरा झालेला नाही. माझा रिपोर्ट चुकीचा आहे, यंत्राचा नाही. नाव यादीत परत घ्यावं.' तबस्सुमने ते वाचलं. 'झाकून ठेवला होता' हे वाक्य तरी काढा, असं म्हणाली. मी नाही काढलं.

बुधवारी उत्तर आलं. नाव यादीत घेतलं आहे. पुढची बस निश्चित नाही. रुग्णाचं नाव मृतांच्या नोंदीत नाही, जिवंतांच्या नोंदीतही नाही.

मला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. मी सगळं कबूलच केलं होतं, म्हणून चौकशीचा निष्कर्ष दहा दिवसांत आला. तीस सेकंदांची अट पुन्हा लागू झाली, माझ्या नोंदणीवर शेरा बसला, आणि चोवीसही यंत्रांजवळ एक परिपत्रक चिकटवलं गेलं: यंत्रावर टिकल्या लावू नयेत. तिकडे एक हॉस्पिटल गेलं आणि इकडे त्यातून एवढं निघालं. मला हसू आलं असतं, पण तेवढी ताकद नव्हती.

त्या दिवसांत सुकुमार सकाळी बातम्या लावायचे, पण आवाज बंद करून. आकडा विचारायचं त्यांनी सोडून दिलं. एकदा ते म्हणाले, "मी त्या चेहऱ्यांकडं बघतो. न्हावी कसा दिसतो ते तुलाबी म्हाईत न्हाई, मला कुठनं कळणार. तरी बघतो." एकदा केस कापून आले आणि दुकानातल्या न्हाव्याला उगीचच जास्तीचे पैसे देऊन आले असं सांगितलं. आम्ही दोघं थकून गेलो होतो. एका न पाहिलेल्या माणसाची वाट बघून इतकं थकायला होतं हे मला ठाऊक नव्हतं.

तीन आठवड्यांनी तबस्सुमचा फोन आला. "मॅडम, माणसं कमी पडतायत. शेरा राहू दे, पण तुम्ही या म्हणतायत." आणि पुढे म्हणाली, "तुमच्या यंत्रावर एक जोडणी आलीय. बाहीचा नंबर तोच आहे."

मी गेले. टिकली घरीच काढून गेले. हातमोजे चढवले, चष्मा घातला. तो दिवा आता मोठा केला होता, चष्म्यातच वर कोपऱ्यात दिसायचा.

हात आला. रुंद तळवा, अंगठ्याच्या मुळाशी ती गाठ, करंगळीची बारीक थरथर. तामिर. मी अंगठा धरला, तो मऊपणे माझ्याबरोबर आला, शहाण्यासारखा. मी वर बघितलं. दिवा पिवळा होता.

बाहीचा नंबर तोच, म्हणून यंत्राने त्याच्याच हाताचा अंदाज काढला होता. मी हात सोडला नाही. मला माहीत होतं तो नाही ते, तरी नाही सोडला. मग खरी माहिती यायला लागली आणि माझ्या हातातला हात बदलत गेला. तळवा अरुंद झाला, गाठ विरली, थरथर थांबली. मनगट बारीक झालं. दहाएक सेकंदांत तामिर माझ्या हातातून पूर्ण निघून गेला आणि तिथे दुसऱ्याच कुणाचा, ताठरलेला, गार हात उरला. दिवा हिरवा झाला.

दुभाषा चालू होता. एक बाई बोलत होती. मनगट मोडलंय, अकरा दिवस झाले, एका शाळेत आहोत, बाही इल्काने पिशवीत घालून आणली, वीस मिनिटं वीज आहे. मी म्हटलं ठीक आहे. नेहमीचं सांगितलं, दुखलं तर सांगा, मी मोजते तसं करा. दुभाषा बंद केला. आता तिचा मूळ आवाज येत होता.

"एक," मी म्हटलं. "दोन."

"तिन्न," ती म्हणाली.

मी थांबले. ती थांबली नाही. दुखऱ्या मनगटाने हळूहळू, शाळेत पाठ केल्यासारखं मोजत राहिली. चार, पाच, सहा. "सात, आठ, दहा." आणि माझा अंगठा दोनदा दाबला.

दुभाषा चालू करायला मला दोनदा बटण चाचपावं लागलं. "नऊ कुठे गेला?" मी विचारलं.

उत्तराला नेहमीचाच वेळ लागला. "तो म्हणालाच होता, बाई हे विचारतील. सांग म्हणाला, अजून सापडलेला नाही."

"तो तिथे आहे?"

"बाहेर अंगणात. केस कापतोय. डाव्या हाताने. फार वाईट कापतो, पण दुसरं कुणी नाही, म्हणून रांग आहे."

"आणि उजवा?"

"अंगठा आत वळलाय. काही धरता येत नाही." मग ती म्हणाली, "त्याचंही नाव आहे या बाहीच्या यादीत. पण उशीर झालेले हात शेवटी घेतात. त्याच्या आधी चाळीस जण आहेत."

उशीर झालेले हात. तो उशीर कुणी केला हे तिला माहीत नव्हतं. त्याला माहीत असेल की नसेल, देव जाणे. वीस मिनिटांतली सहा गेली होती. बाई, त्याला आत बोलवा, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण ती वीस मिनिटं तिची होती. तिचं मनगट अकराच दिवसांचं होतं. तिचा हात अजून वाचण्यासारखा होता.

"त्याला निरोप द्या," मी म्हटलं. "म्हणावं, चाळीस झाले की मी इथेच आहे. नऊ माझ्याकडे बाकी आहे."

मग मी दुभाषा बंद केला, दिव्याकडे एकदा बघितलं, तिच्या मनगटाखाली हात घातला आणि पुन्हा एकपासून मोजायला लागले.